देवपूरच्या टाकीतलं समुद्रफूल

"मॅडम, हे मेलं. काढून टाका. सोमवारी मुलं येतील," मुख्याध्यापक म्हणाले.

टाकीतलं समुद्रफूल पांढरंफटक पडलं होतं. नावात फूल असलं तरी तो प्राणी आहे. धुळ्यात, देवपूरच्या या शाळेत उन्हाळी शिबिरासाठी खाऱ्या पाण्याची टाकी मीच बसवली होती. विषय होता, तापणारा समुद्र. मी चाळीसगावची, शिकले सागरी विज्ञान, आणि खान्देशात माशांच्या टाक्या सांभाळते. नातेवाइकांच्या करमणुकीला एवढं पुरतं.

"मेलं नाही, सर. उपाशी आहे."

समुद्रफुलाच्या अंगात बारीक तपकिरी शेवाळ राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला भरवतं. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की शेवाळ बाहेर पडतं. रंग जातो, जेवणही जातं. समुद्रातल्या प्रवाळांचं हेच होतं, आणि प्रवाळ मेले की त्यांच्या आडोशाचे मासेही जातात.

पाणी हवं सव्वीस अंश, होतं एकतीस. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, जोरात चालू होतं. खोली मात्र भट्टी झालेली. मी शिपाई असलेल्या नानांकडे पाहिलं.

"बठ्ठ्या खिडक्या मी बंद करी दिन्यात," नाना म्हणाले. "मासासले झळ लागाले नको म्हनीसन."

मला हसूच फुटलं. मे महिन्यात सकाळीच दारं-खिडक्या लावणं आमच्या रक्तात आहे. माझी आईसुद्धा तेच करते. पण चिलर पाण्यातली उष्णता काढून मागून खोलीतच सोडतं. तिला बाहेर जायला वाट नव्हती.

आम्ही खिडकी उघडून पत्र्याच्या पाइपने गरम हवा बाहेर काढली. दिवे मंद केले. पाण्याचं तापमान सावकाश उतरवलं. समुद्रफुलाला मी चिमट्याने कोळंबीचे तुकडे भरवले.

"पण मुलांना पांढरंच दाखवायचं?" सर कुरकुरले.

"तापलेला समुद्र दाखवायचा होता ना, सर? तयार आहे."

सोमवारी माझं भाषण कुणी ऐकलं नाही. नाना टाकीपाशी उभे राहून सांगत होते, "हाई मरेल नई शे. भुक्यं शे. मी खोली बंद करी, म्हनीसन पानी तपनं. आपण धूर करीसन दुन्यानी खोली बंद करी ऱ्हायनूत." मुलं हलेनात. मी गपचूप मागे बसले, फार आनंदात.

पावसाळ्यात नानांचा फोन आला. "मॅडम, रंग उनाऽ." शेवाळ परत आलं होतं.

मी आता कुठेही टाकी बसवली की आधी एकच विचारते, गरम हवा जाणार कुठे? समुद्राच्या बाबतीत हे विचारायला आपण जरा उशीर केलाय.