कृष्णातनं कापलेला जोड

कृष्णात मिस्त्री शिवराळ आहे, असं फुलेवाडीत सगळे सांगतात. खरं आहे. पण तो माणसावर सहसा चिडत नाही, जोडावर चिडतो. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली दिसली की त्याचं डोकं फिरतं. सोल्डर करून वर प्लास्टिकची नळी चढवायचे कष्ट ज्याला जड जातात, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये, असं तो म्हणतो.

परवा सकाळी त्याच्या चौकातल्या गॅरेजवर केरबा आला. गगनबावड्याकडून मोटरसायकलवर दूध आणून तो शहरात रतीब घालतो. धुक्यात दिसावं म्हणून त्यानं बाजारातले एलईडी इंडिकेटर बसवून घेतले होते, वळायचं नसतानाही कायम लागून राहणारे. एक तार सैल झालीय, तेवढी दाबून द्या, म्हणाला. कॅन भरलेले, गिऱ्हाइकं खोळंबलेली.

कृष्णातनं सीट काढलं. कुणीतरी डाव्या-उजव्या दोन्ही तारा एकाच तारेला पिळल्या होत्या. दिवे चालू असले की इंडिकेटरचं बटण दाबूनही काहीच लुकलुकत नव्हतं. बंद केले की चारी एकदम लुकलुकायचे. केरबाला त्याचं कौतुकच होतं.

कृष्णातनं दिवे बंद केले, त्याला गाडीमागं उभं केलं आणि बटण दाबलं.

"सांग, कुठं चाललोय मी?"

"सरळ की."

चौकातून सरळ जायचं तरी चारी लावायचे, ही इथल्या गाडीवाल्यांची खोड.

"उजवीकडं दाबलंय. तू रोज हितंच उजवीकडं वळतोस न्हवं? मागचा उसाचा ट्रॅक्टरवाला तुझ्यागतच समजणार. तुझ्या घरात काय सांगायचं आम्ही?"

केरबा वरमला, पण हट्ट सोडेना. आज टेप मारा, दूध नासंल. कृष्णातनं पक्कड घेतली आणि जोड कापला.

"जा आता. वळताना बरोबर दिसशील, पण एरवीचे दिवे लागणार न्हाईत, धुक्यात दिसणार न्हाईस. कुठलं मरण पायजे ते तूच ठरीव."

केरबानं शिव्या घातल्या, किक मारली, रस्त्याकडं बघत बसून राहिला. मग गाडी बंद करून कॅन सोडले आणि रिक्षात घालून पाठवले.

दोन्ही बाजू वेगळ्या करायच्या, इंडिकेटर लागला की त्या बाजूचा कायमचा दिवा बंद ठेवणारी डबी बसवायची. दुपार होणार होती. किती वेळ, किती वेळ म्हणून केरबानं डोकं खाल्लं, तेव्हा कृष्णातनं त्याच्याच हातात तार सोलायला दिली.

त्यानं सोललेली पहिली तार कृष्णातनं कापून टाकली. आतले तांब्याचे धागे तुटले होते.

"परत," तो म्हणाला.