मास्तरांचे सात ठोंब

शिवणकामाचा चाळीस वर्षांचा व्यवसाय आटोपून मास्तर घरी बसले, तेव्हा परसातली उघडी जमीन त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. थोरल्या वृक्षाच्या घनदाट छायेत तिथे काही म्हणता काही रुजत नसे; चिखल मात्र पायांबरोबर थेट स्वयंपाकघरात येई. पत्नीला तिथे फरशी हवी होती. मास्तरांना त्या कल्पनेनेच वृक्षाची मुळे गुदमरताना दिसत. त्यांनी एका परिचित माळ्याच्या रानातून, सावलीतच सुखाने नांदणाऱ्या बहुवर्षायू गवताचे सात ठोंब आणून लावले. इथल्याच मातीतले गवत, एकदा रुजले की आपसूक पसरेल, अशी ग्वाही माळ्याने दिली होती.

तीन वर्षे झाली तरी साताचे आठ होईनात. सेवेत कसूर नव्हती. पाणी, पालापाचोळा, सारे यथासांग. मात्र पात्यांवर नाजूक तुरे डोकावले की मास्तरांचे हात शिवशिवत. सुटलेला धागा दिसला की कातरायचा, ही उभ्या हयातीची शिस्त. एकेक तुरा ते निगुतीने छाटून टाकत. शेजारी विचारत, "मास्तर, माप कुणाचं घेतलंय?"

अखेर पत्नीने निर्वाणीचे सांगितले: वर्षभरात जमीन झाकली नाही, तर फरशी.

त्याच वर्षी, नेमक्या तुऱ्यांच्या हंगामात, मास्तरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महिनाभर वाकायला सक्त मनाई. तुरे पिकले, वाळले, गळले. मास्तर खिडकीशी बसून हळहळत राहिले.

मुदत भरली आणि फरशीवाला टेप घेऊन हजर झाला. मास्तर दाराशी तोंड पाडून उभे. जागा दाखवायला पुढे गेलेली पत्नी मध्येच थबकली आणि खाली बसली. ठोंबांच्या मधल्या मातीत केसांएवढी बारीक हिरवी पाती दाटली होती. तिने त्यातले एक जुन्या पात्याशी ताडून पाहिले.

"अहो, इकडे या. तुमचंच गवत आहे हे."

"तण असेल गं. तीन वर्षांत उगवलं नाही, ते आता कुठलं?"

"बी धरू दिलंत कुठे? तुरा दिसला की छाटलात. यंदा तुमचा हात लागला नाही, म्हणून उगवलं."

मास्तरांनी वाकून पाती निरखली. एवढे सरळ कापड त्यांनी आयुष्यात बिघडवले नव्हते.

पत्नीने फरशीवाल्याला नळापर्यंतची वाट तेवढी आखायला सांगितली, दोन हात रुंद. मास्तरांनी दीड हातासाठी रदबदली केली.

"पावणेदोन," ती म्हणाली, "आणि तुऱ्यांना हात लावलात, तर सगळीकडे फरशी."

मास्तरांनी हात पाठीमागे बांधले आणि माप मान्य केले.