अठ्ठेचाळीस पौंड हवा

पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर गाडीचा मागचा भाग तिसऱ्यांदा सटकला, तेव्हा घड्याळकाकांच्या काळजात जे धस्स झालं ते दिवसभर तसंच राहिलं. सटकला म्हणजे फार नाही हो, वीतभर. पण चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला वीतभर म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला नाही कळायचं. काकांच्या बसने कुणाच्या स्कूटरचा आरसासुद्धा कधी खरवडला नव्हता. वेळेचे असे पक्के की थांब्यावरची माणसं त्यांची बस बघून घड्याळ लावायची. नाव पडलं ते त्यावरूनच.

निवृत्त झाल्यावर सहा महिने काका घरात बसले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत सुटले. शेवटी काकूंनी हात जोडले. "अहो, काहीतरी चालवा, पण माझं घर चालवू नका!" तेवढ्यात शेजारच्या डॉक्टरीणबाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा घोटा मोडला. बाईंकडे हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार होती. बुटकी, दोघांपुरती, चारशे घोड्यांची ताकद आणि तीही सगळी मागच्या दोन चाकांवर. तीन महिने बाईंना रोज रुग्णालयात सोडायचं आणि आणायचं, असं ठरलं. काकांनी किल्ली घेतली ती अशा थाटात, जणू कुणी राज्य हातात दिलंय.

आणि पंधरा दिवसांत हे असं! तिसऱ्यांदा सटकली तेव्हा बाईंनी शेजारी बसल्या बसल्या दाराची मूठ घट्ट धरली. बोलल्या एवढंच, "काका, गाडी एकदा दाखवून घ्या ना."

काकांना वाटलं, बाई सभ्य आहेत म्हणून गाडी म्हणाल्या. त्यांच्या मनात असणार, ड्रायव्हर दाखवून घ्या.

कारण दुखणं वेगळंच होतं. काकांचे थोरले भाऊही ड्रायव्हर. एकसष्टाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, दोन महिन्यांत स्टिअरिंग सुटलं आणि वर्षभरात घास भरवायला माणूस लागायला लागला. काकांना नुकतंच एकसष्टावं लागलं होतं. त्यामुळे गाडी सटकली की त्यांचं लक्ष आधी जायचं हाताकडे. आरशासमोर, जिन्यात, नळावर, जिथे एकटे असतील तिथे ते हात पुढे धरून बघायचे. काकूंना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मनात पक्कं केलं होतं, गाडी दाखवायची, आणि गाडीत दोष निघाला नाही तर त्याच दिवशी किल्ली परत द्यायची. मग जन्मात कुठलंच स्टिअरिंग धरायचं नाही.

गाडी दाखवली मावशींकडे. मावशी काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण असल्या जोरकस गाड्यांचं काम करणारे सगळे त्यांना मावशीच म्हणतात. स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर, एवढ्यातच त्यांनी पंचवीस वर्षं घातली. शेडवर पाटी नाही, आत दोन लिफ्ट, आणि भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले. त्यातला एक जरी जागेवर नसला तरी मावशी कामाला हात लावत नाहीत.

मावशींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरवर टिचकी मारली. मग खडूने चारही टायरांच्या रबरावर आडवी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "काका, दहा पावलं पुढे घ्या."

काकांनी घेतली. मावशींनी वाकून पाहिलं. रेघ मधोमध पुसली होती. दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा.

"बघा. टायर घेतलाय एवढा रुंद, आणि जमिनीला लागतंय फक्त मधलं पोट. हवा कुणी भरली?"

"मी."

"किती?"

"अठ्ठेचाळीस पौंड," काका ताठ मानेने म्हणाले. "टायरवर पन्नास लिहिलंय. उगाच जास्त नको म्हणून दोन कमी भरली. बसला मी शंभरच्या वर भरायचो."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अहो काका, पन्नास म्हणजे याच्या पुढे भराल तर तुमचं तुम्ही बघा! गाडीला किती लागते ते इथे लिहिलंय." त्यांनी दार उघडून चौकटीवरची चिठ्ठी दाखवली. तेहतीस. पंधरा दिवस काका त्याच दारातून कमरेत वाकून आत शिरत होते, पण चौकटीकडे काही त्यांची नजर गेली नव्हती.

मावशी आता चाकाच्या आत डोकावल्या. शॉकअपच्या टोकाला ते कडक किंवा मऊ करायचं एक गोल बटण होतं. ते त्यांनी पिळून बघितलं. हलेना. "हेसुद्धा तुम्हीच?"

"हो. शेवटपर्यंत आवळलं. वळणावर गाडी झुकत होती ना! बसमध्ये गाडी झुकली की उभी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, आरडाओरडा होतो."

"आणि इथे उभं कोण असतं?"

 काकांना एकदम राहवेना. दोन्ही पंजे त्यांनी मावशींसमोर धरले. "मावशी, हवा कमी करा, बटण सैल करा, काय हवं ते करा. पण मला समजूत नको, खरं सांगा. माझे हात गेलेत का?"

मावशींनी हातांकडे बघितलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे, आणि त्यांची चेष्टा थांबली. "मी काही हातांची डॉक्टर नाही. पण गाडीत बसून कळेल. आत्ता काहीच बदलायचं नाही. आहे तशीच त्या वळणावर घ्या, मी शेजारी बसते."

टाकीखालचं वळण. मध्येच रस्त्याला ठिगळ लावलेलं. काटा पंचेचाळीसवर. ठिगळावर चाक आपटलं, मागचा भाग वीतभर बाहेर गेला, काकांनी सावरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी रस्ता बघतच नव्हते," मावशी म्हणाल्या. "तुमचे हात बघत होते. आधी गाडी सटकली, मग हात हलले. आधी हात हलले असते तर मी तोंडावर सांगितलं असतं, भीड ठेवली नसती."

काकांचा अजून विश्वास बसेना. मावशींनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि चारही चाकांची हवा सोडली. "टायर तापलेत, म्हणून छत्तीस ठेवते. थंड झाले की तेहतीसवर येतील. आता फक्त हवा बदलली, बाकी काही नाही. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही."

दुसरी फेरी. मागचा भाग सटकला नाही! पण ठिगळावर गाडी टणकन उडाली आणि क्षणभर काकांना बुडाखाली रस्ताच नसल्यासारखं वाटलं.

"रस्ताच नव्हता," मावशी म्हणाल्या. "तुम्ही शॉकअप इतकं आवळलंत की चाकाला खालीवर व्हायला जागाच नाही. उंचवटा आला की चाक हवेत. आणि हवेतल्या चाकाला चारशे घोडे दिलेत तर ते कुठे जाणार? थोडं झुकू द्यावं गाडीला. झुकते तेव्हा ती बाहेरच्या टायरांवर नीट वजन देते."

त्यांनी चारही बटणं आठ-आठ खटके सैल केली. काकांना हुरूप आला. "अजून सोडू या का?"

"सोडा, म्हणजे होडीसारखी डुलेल! काका, तुमचं आपलं एकतर हे टोक नाहीतर ते."

तिसरी फेरी. काकांनी वळण घेतलं. गाडी किंचित झुकली, बसली आणि तशीच झुकलेली ठिगळावरून निघून गेली. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागत होता, खडबडीत कुठे, गुळगुळीत कुठे, सगळं. ठिगळ गेलेलं काकांना कळलं आणि चाक जमिनीवर असल्याचंही कळलं. काहीच झालं नाही. अहो, काही म्हणजे काहीच झालं नाही! काकांनी गाडी वळवली आणि पुन्हा तेच वळण घेतलं, आणि पुन्हा. सहाव्या खेपेला मावशी म्हणाल्या, "पुरे आता, मला भोवळ यायला लागली." काकांनी गाडी कडेला लावली आणि मोठमोठ्याने हसले. हसता हसता डोळे भरून आले तेही त्यांनी लपवलं नाही. जीव असा भांड्यात पडला की दोन मिनिटं त्यांना गाडीतून उतरायचंही सुचेना.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना त्यांनी सरळ सांगून टाकलं, "दोष माझाच होता बाई, हवा आणि बटणं मीच बिघडवली होती. पण हात ठीक आहेत."

"हातांचं काय?" बाईंनी विचारलं. त्यांच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्यांनी दाराची मूठ एकदाही धरली नाही.

घरात शिरल्या शिरल्या काकांनी काकूंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीस पौंड, खडू, आठ खटके, आणि पंधरा दिवस मनात काय होतं तेही. "उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही," ते म्हणाले.

 काकू म्हणाल्या, "येता-जाता हात पुढे धरून बघत होतात, ते मला दिसत नव्हतं का? पंधरा दिवस तुम्हाला पाण्याचा पेला मी काठोकाठ भरून देतेय. सांडतं का ते बघायला. एक थेंब सांडला नाही हो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचेच."

एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे हात लटलट कापत होते. काकांनी ते आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि कापायचे थांबेपर्यंत धरून ठेवले.