वैरागपर्यंत टेस्ट ड्राइव्ह

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात डबा उघडला की एकाच्या किश्शावरून दुसऱ्याला दुसरा आठवतोच. मल्लिनाथनं इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून तर आम्हाला तोंडी लावायला लोणचंसुद्धा लागत नाही!

मल्लूचं घोडं अडलं होतं अव्वापाशी. अव्वा म्हणजे त्याची आई, राहते वैरागला. एसटी असो की जीप, डिझेलचा वास आला की तिला उलट्या. मल्लूनं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, पण अव्वानं त्याचा उंबरा अजून पाहिला नव्हता. हे त्याला फार लागलं होतं. बिनवासाची गाडी हाच शेवटचा इलाज.

*

शोरूमला मी सोबत होतो. मल्लू घासाघीस शिकला कापडाच्या दुकानात: भाव पाडून मागायचा, उठायचं, चालू लागायचं. दुकानदार हाक मारतोच! इथंही तो उठला. इतका सावकाश चालला की वॉचमननं दोनदा दार उघडलं. हाक कुणी मारेना. शेवटी परत फिरून म्हणाला, "हेल्मेट राहिलं वाटतं."

हेल्मेट डोक्यावर होतं.

*

दुसऱ्या खेपेला त्यानं सेल्समन समीरला गाठलं. "इंजिन न्हाय, गिअर न्हाय, सायलेन्सर न्हाय. मग त्याचं पैसं कमी करा की!"

समीर नवीन होता. तो खरंच आत विचारायला गेला!

*

मॅनेजर म्हणाले, "टेस्ट ड्राइव्ह फक्त पाच किलोमीटर."

"साहेब, माझी अव्वा पाच किलोमीटरवर राहत न्हाय."

दोन दिवस ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी आमची तोंडं बघून कंटाळले आणि समीरला सोबत देऊन गाडी वैरागला सोडली.

*

वैरागहून परत निघताना अव्वा लिंबू, टॉवेल आणि चार प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन पुढं, मल्लूशेजारी बसली. समीरचं लक्ष नव्या सीटवर, मल्लूचं अव्वावर. माझं रस्त्यावर, कारण तिकडं दुसऱ्या कुणाचंच नव्हतं!

अर्ध्या वाटेत अव्वानं डोळे मिटले. मल्लूनं घाबरून गाडी कडेला घेतली. "अव्वा, काय होतंय?"

"झोपू दे की रं!"

मल्लूचे डोळे भरून आले. माझाही जीव भांड्यात पडला. समीरनं तर चारही पिशव्या गुपचूप स्वतःच्या खिशात कोंबल्या.

*

शोरूमच्या दारात पोचलो. अव्वा गाडीतच बसलेली. मल्लूनं घरचा चार्जर फुकट बसवून मागितला. मॅनेजर म्हणाले, "जमणार नाही." मल्लू सवयीनं ताठ झाला. "अव्वा, उतर. जाऊ आपण!"

अव्वा उतरेना.

मॅनेजर स्वतः खिडकीशी आले. "आजी, उतरा की. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, त्यांना गाडी दाखवायचीय."

अव्वानं सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला. "दाखवा की! मी कुटं नको म्हणते? मी बसते मागं."