कैरीचे दिवस

दवाखान्यातून घरी आल्यापासून आई जेवेनाशी झाली होती. आठवणही निसटत चालली होती. अधूनमधून ती मला आपली धाकटी बहीण समजायची. मे महिन्यातल्या एका सकाळी मात्र तिने स्वच्छ सांगितलं, "हरभऱ्याच्या पाल्याची पातळ भाजी कर. कोवळा बघून आण."

"आई, तो थंडीत येतो."

"मग थंडीच आहे," ती म्हणाली आणि शाल ओढून घेतली. बाहेर अंगाची काहिली होत होती.

माझी रजा संपली होती. ऑफिस सुटल्यावर कर्वेनगरातले भाजीवाले पालथे घातले, मग एका मोठ्या दुकानात गेले. तिथे बारा महिने सगळं मिळतं, म्हणून आशा होती. गोठवलेला मटार होता, पाला नव्हता. शेवटी पालक आणला, डाळीचं पीठ लावून शिजवला आणि हरभऱ्याची भाजी म्हणून वाढला.

आईने एक घास घेतला नि ताट सरकवलं. "मला फसवतेस होय गं?" नेमकं तेव्हा तिने मला ओळखलं होतं. मी ओट्याशी उभ्या उभ्या रडले. दुःख होतंच, पण दमणूक जास्त होती.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वारज्याच्या भाजीवाल्या मावशींपाशी बोलले. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत. उरलेल्या तुकड्यात जे पिकेल तेवढंच त्या पाटीत घालून आणतात.

"आवो ताई, आत्ता कुठला हरभरा? तुमी बी दमलाय आन् आईला बी दमवताय. आत्ता कैरी हाय, बांधावरची. मेथांबा करून घाला."

वाद घालायचंही बळ नव्हतं. कैऱ्या घेतल्या. फोडणीत मेथ्या टाकल्या, फोडी परतल्या, तिखट-गूळ घातला. वास सुटला तशी आई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली.

"गूळ कमी पडलाय," चव न घेताच म्हणाली.

मी आणखी गूळ घातला. त्या दिवशी तिने मऊ भाताबरोबर आपल्या हाताने चार घास खाल्ले. किती दिवसांनी!

त्यानंतर "काय खाशील?" असं विचारणं मी सोडलं. मावशींच्या पाटीत येईल ते घरी येऊ लागलं. कैरी संपली, जांभळं आली, मग अळू, दोडके. आई थोडं थोडं जेवत राहिली, नावं ठेवत राहिली. माझा थकवा काही गेला नाही. पण रोज संध्याकाळी काय रांधायचं, एवढा एक विचार तरी डोक्यावरून उतरला.