दुसऱ्याच्या नावाचं घर

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती चहाच्या एका ताटापासून. मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पुण्याच्या एका ठाण्यातून फोन आला. तिथल्या एका सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने गेला होता. निनावी खबर अशी होती की, करारनामा एकाच्या नावावर आहे, राहतो दुसराच, आणि पहिल्याच्या नावाने हाक मारली की बेधडक ओ देतो. अशा घरांतून फसवणुकीच्या टोळ्या चालतात, त्यामुळे संशय रास्त होता. करारातल्या भाडेकरूचं गाव आमच्या हद्दीत, तिसगाव आणि शेवगावच्या मधलं. खात्री करायला त्यांनी लिफ्टच्या कॅमेऱ्यातला फोटो पाठवला. एक तरुण आणि त्याचा हात धरून उभी असलेली म्हातारी.

हवालदाराला घेऊन मी भाडेकरूच्या घरी गेलो. वडील शेतकरी, बोलणं मोजकं. मोबाईलवर मी त्यांना फक्त तरुणाचा चेहरा मोठा करून दाखवला. "व्हय, माझाच पोरगा हाय," ते लगेच म्हणाले. ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पोलिसाला इतकं चटकन मिळालेलं उत्तर मला पचत नाही. पोराचा फोटो पोलिसाच्या हातात बघून बाप आधी विचारतो, काय झालं त्याला. यांनी ते विचारलंच नाही.

मी फोटो सरकवला. "आणि ही बाई?"

"त्याची आई," ते म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांची बायको चहाचं ताट घेऊन दारात आली.

हवालदार खाली मान घालून हसू दाबत होता. मला हसू आलं नाही, कारण ताटातले कप वाजत होते. बाईंनी ताट खाली ठेवलं.

"साहेब, ह्यांना काय म्हनू नका. पोरगा माझ्या पोटचा न्हाई, पन माझ्या हातचं खाऊन वाढलाय. त्याची आई ऊसतोडीला गेली की माझ्यापशीच ऱ्हायचा."

मग सगळं उलगडलं. फोटोतला तरुण त्याच गावातल्या बौद्ध कुटुंबातला. वडील वारलेले, आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, डायलिसिसही तिथेच सुरू झालं. आईला जंतुसंसर्गाची भीती, म्हणून वेगळी खोली हवी होती. घर काही मिळेना. शेवटी या घरच्या मुलाने, त्याच्या बालमित्राने, स्वतःच्या नावावर करार केला आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला.

दुसऱ्या दिवशी तो तरुण स्वतःहून आमच्या ठाण्यात आला. तोतयेगिरीचा गुन्हा लागू शकतो, हे मी कडक शब्दांत सांगितलं. त्याने वाद घातला नाही. फोनवर सगळं ठरायचं, म्हणाला. पूर्ण नाव सांगितलं की मालक घरी विचारून कळवतो म्हणायचे आणि पुन्हा फोन उचलायचे नाहीत. त्या मालकांविरुद्ध तक्रार द्यायची का, मी विचारलं.

"न्हाई साहेब. अजून घर शोधायचंय."

मला राग आला, पण तो कोणाच्या नावावर नोंदवायचा हे कळेना.

आईला मी बोलावलं नव्हतं, तरी ती सोबत आली होती. माझंबी लिहून घ्या, म्हणाली. महिला शिपायाला शेजारी बसवून मी जबाब घ्यायला लागलो. नेहमीप्रमाणे आधी नाव विचारलं. म्हातारीने मित्राच्या घरचं आडनाव सांगितलं. पुण्यातल्या शेजाऱ्यांसमोर, लिफ्टमध्ये, वॉचमनपुढे तेच सांगून जिभेला सवय झाली होती. चूक ध्यानात आली तशी ती मुलाकडे बघत राहिली.

"ते खोडा, साहेब," ती म्हणाली. "माझं नाव मी इसरले न्हाई." मग नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट तिने आपलं नाव सावकाश सांगितलं. ते लिहिताना माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलं नाही.

फसवणुकीचा हेतू नाही, असा अहवाल मी पाठवला. गुन्हा दाखल झाला नाही, पण फ्लॅट सोडावा लागला. पुढचं घर मिळेपर्यंत म्हातारीला डायलिसिसच्या दर खेपेला गावाहून पुण्याला न्यावं लागे आणि त्यात ती फार खचली. खोटं नाव सांगणाऱ्याला हुडकणं सोपं असतं, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. ते सांगायची पाळी ज्यांनी आणली, त्यांच्या दारापर्यंत माझा कुठलाच तपास पोहोचला नाही.

बऱ्याच महिन्यांनी त्या तरुणाचा फोन आला. घर मिळालं होतं, स्वतःच्या नावावर. दारावर पाटी लावताना आईने उंबऱ्याजवळ खुर्ची मागून घेतली होती. उभं राहणं तिला जमत नव्हतं, पण पाटी सरळ लागेपर्यंत ती आत गेली नाही.