न चाखता केलेली कोशिंबीर

आधी हे लिहून काढते, बाकी कामं मग. आत्ता नळावर शेजारची बाई दुसरीला सांगत होती, "वो बुआजी? जिसको सूँघ लेती थीं, वो गया समझो." मी घागर तिथंच ठेवून घरात आले. बुआजी म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. आणि गल्लीला तिच्याबद्दल जे वाटते, ते साफ उलटं आहे.

ती माणसांचा वास घ्यायची हे मात्र खरं. लेकराला जवळ ओढायचं, टाळूवर नाक टेकवायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ठीक आहे." नाहीतर, "ह्याला आज ताप येते." आणि यायचा. न आल्याचं कोणी लक्षात ठेवत नसे. सराफ्यामागची आमची सगळी गल्ली तिच्या दारात. "बुआजी, जरा मुन्ने को सूँघ दीजिए." आत्या पदराला हात पुसत यायची. "लाओ. नहलाया कब था इसको? पहले तो मैल की बास आ रही है."

स्वयंपाकही ती नाकानेच करायची. नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, आणि टमाटर तर ती खायचीच नाही. लाल, आतून लिबलिबीत, विधवेनं तसलं तोंडात घालू नये असं तिला सासरी सांगितलं होतं. तरी उन्हाळ्यात तिच्या टमाटरच्या कोशिंबिरीशिवाय आमचं जेवण व्हायचं नाही. महाराजपूरचा काछी, म्हणजे भाजीवाला, टोपलीभर आणायचा, ती एकेक उचलून देठाशी हुंगायची. "हे उद्याचं. हे आजचं. आणि हे भैया, तुम ही घर ले जाओ." विळीवर बारीक फोडी करायच्या. सांबार आणि पुदिना मात्र हाताने तोडायचा (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांसाठी सांगते). हिरवी मिरची मिठात चुरडायची, लिंबू पिळायचं, चिमूटभर साखर. मग भांडं नाकाशी न्यायचं. "मीठ कमी आहे," म्हणायची, आणि कमीच असायचं. जन्मात एकदाही न चाखलेली चव.

मोठी लढाई सुरू होती, त्यातल्या एका उन्हाळ्याची ही गोष्ट. ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती. चैत्रातच गरम लू सुटलेली, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. ताईचे पाय सुजले. मग चेहरा. डोकं ठणकते म्हणायची आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. आई घाबरली की आत्याकडे बघायची, "वन्सं, बघा बरं हिला." आत्या ताईच्या केसांत नाक खुपसायची. "ठीक आहे." मग आईचा जीव भांड्यात पडायचा.

मला काही ते ठीक वाटत नव्हतं. आधी आत्याला एक श्वास पुरायचा. आता ती दोनदा, तीनदा हुंगायची, जसं काही हरवलेलं शोधून राहिली आहे. एकदा दूध करपून सगळ्या घरात धूर झाला, ती चुलीपाशीच बसून होती. कोठीत उंदीर मेला. आम्ही नाकाला पदर लावून फिरत होतो, आणि आत्या त्याच कोठीत तांदूळ निवडत होती. "वय झालं अक्काचं, लक्ष नसते," बाबा म्हणाले. ताईची बोटं इतकी सुजली की बांगड्या कापाव्या लागल्या. "ठीक आहे," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी ताईला काहीच जात नव्हतं. "आत्याची कोशिंबीर थोडी खाईन," म्हणाली. आत्याने लगबगीने केली, पानात वाढली. ताईने घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली टाकला. बाबांनी वाटी उचलली. रॉकेल. कंदील पुसायचं फडकं आणि सांबार गुंडाळायचं फडकं एकाच खुंटीला असायची, त्यात अदलाबदल झाली होती. सगळ्या खोलीत रॉकेलचा भपकारा.

"काय झालं? मीठ कमी आहे का?" आत्याने बाबांच्या हातातली वाटी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. "छान तर आहे."

तिने डोळे उघडून आमची तोंडं पाहिली. वाटी खाली ठेवली आणि ताईकडे पाहत राहिली.

"बापू, टांगा बोलाव. पोरीला डॉक्टरणीकडे ने," ती बाबांना म्हणाली.

"अक्का, सकाळी तूच तर ठीक म्हणाली."

"मी काही म्हणाली तरी. दिवाळीत सर्दी झाली, तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही."

आई उभी राहिली. "मग रोज ठीक आहे, ठीक आहे काहून म्हणत होत्या?"

"दुसरं काय म्हणू? नाक सोडून ह्या घरात माझं आहे काय?"

डॉक्टरणीने ताईचे पाय दाबून पाहिले आणि बाबांना बाहेर बोलावलं. "और एक-दो दिन घर में रखते, तो दोनों हाथ से जातीं." ताईला तिथंच ठेवून घेतलं. मुलगी झाली, मुठीएवढी, पण दोघी घरी आल्या. दुसऱ्या दिवशी आईने टमाटर आणि विळी आत्यापुढे सरकवली, आणि मीठ स्वतः चाखलं.

मग पलीकडची बाई पोराला घेऊन आली. आत्याने नेहमीसारखं टाळूला नाक लावलं. "डॉक्टर को दिखा लो." बाईचा चेहराच उतरला, तशीच धावत गेली. दुसरीलाही आत्या तेच म्हणाली. तिसरीलाही. येईल तिला तेच. गल्लीत कुजबूज सुरू झाली की बुआजीला आता ज्याच्यात त्याच्यात मरणाचाच वास येतो. ती मंदिरात निघाली की दारं लागायची. समोरून येणारी बाई कडेवरचं पोर पदराखाली घ्यायची.

बाबा चिडले. "नाक गेलं म्हणून सांगून टाक ना, अक्का."

"तसं सांगितलं तर लेकरं घरातच ठेवतील. भ्याले तर नेतील."

"आणि तुला काय काय म्हणून राहिले ते?"

"म्हणू दे. मला कुठं त्याचा वास येते."

या थंडीत आत्या गेली. खांदा द्यायला बाबांच्या ऑफिसातले लोक आले, गल्लीतलं एक माणूस नाही. तिला घेऊन निघाले तेव्हा बायांनी लेकरं आत ओढली. त्यातली किती तिच्या सांगण्यावरून वेळेत डॉक्टरकडे पोचली, कोणाला ठाऊक. खिडकीच्या गजांमधून पाहत होती ती लेकरं. चांगली धडधाकट.

तुमच्या गल्लीत होती का अशी एखादी, जिला भिऊन लोक वाचले? आणि ती समोरून आली तेव्हा तुमचं दार उघडं होतं का?